उलट्या नळाचं घर

लग्न होऊन सूनबाई त्या घरात आली आणि पहिल्याच सकाळी न्हाणीघरातल्या नळानं तिची फजिती केली. तोंड धुऊन झालं म्हणून तिनं नळ बंद करायला फिरवला, तर पाणी दुप्पट जोरानं आलं. घाबरून आणखी फिरवला, तर थेट अंगावर उडालं. निथळत बाहेर आली तेव्हा सासूबाई दारातच टॉवेल घेऊन उभ्या होत्या.

"सांगायचं राहिलंच बघ," त्या म्हणाल्या. "आपला नळ उलटा आहे. बंद करायचा तसा फिरवला की उघडतो, उघडायचा तसा फिरवला की बंद होतो. होईल सवय."

"प्लंबरनं चुकून बसवला का?"

"प्लंबर कुठला येतोय या घरात? यांनी बसवलाय."

'हे' म्हणजे सासरे. सडपातळ, नीटनेटके, हळू बोलणारे. सगळी नोकरी एका मोठ्या कचेरीच्या आवक-जावक विभागात काढून निवृत्त झालेले. घरात काहीही बिघडलं की ते बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा खाली काढायचे. त्यात स्क्रूड्रायव्हर, पक्कड, चिकटपट्ट्या, तारांची भेंडोळी असं काय काय होतं. आळीतली माणसं त्यांना पक्कडकाका म्हणायची, आणि त्यांना ते आवडायचं. बिघडलेली वस्तू टाकून नवी आणायची हे त्यांना मुळीच पटत नसे. "सर्दी झाली म्हणून कुणी माणूस बदलतं का?" असं ते विचारायचे आणि डबा उघडायचे.

खोट एवढीच होती, की त्यांच्या हाताला यश नव्हतं. त्यांनी हात लावलेली वस्तू बरी होत नसे, पण मरतही नसे. लंगडत, कण्हत, आपल्या अटींवर ती चालत राहायची. त्या अटी पाठ असणं म्हणजेच त्या घरात राहता येणं.

सूनबाईनं त्या एकेक करून पाठ केल्या. कपाटाचं दार आधी वर उचलायचं, मग कमरेनं ढकलायचं. टेबलफॅन चालू केला की पात्याला पेन्सिलीनं एक टिचकी द्यायची, नाहीतर तो नुसता गुरगुरतो. इस्त्री आपणहून थांबत नसे, म्हणून ती लावली की मनात बाराचा पाढा म्हणायचा आणि संपला की प्लग काढायचा. मिक्सरच्या झाकणावर खलबत्त्यातला बत्ता ठेवून वर कोपर दाबून उभं राहायचं. बैठकीतलं लंबकाचं घड्याळ भिंतीवर तिरकं टांगलेलं होतं आणि ते सरळ करायची कुणालाही परवानगी नव्हती. ते एकटंच वेडंवाकडं दिसू नये म्हणून सासऱ्यांनी शेजारचा त्यांच्या लग्नाचा फोटोही तेवढाच तिरका करून टाकला होता. पाहुणे बैठकीत बसले की थोड्या वेळानं त्यांच्या माना आपोआप एका बाजूला कलायच्या.

दुरुस्तीनंतर त्यांच्याकडे नेहमी चार-दोन स्क्रू उरत. ते एका बरणीत जमा व्हायचे. "हे कारखानेवाले उगाच जास्तीचे लावतात," असं ते सूनबाईला समजावून सांगायचे. "आपण काटकसरीनं लावतो."

तिला हसू यायचं, पण राग कधी आला नाही. ती स्वतः चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. केसभर इकडेतिकडे झालं की गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, अशा कामात दिवस घालवून ती घरी यायची आणि इथे सगळंच बोटबोटभर इकडेतिकडे. पण माणूस मायेचा होता. तिच्या जेवणाच्या डब्याची कडी तुटली, तर सासऱ्यांनी सकाळी लवकर उठून ती तारेनं बांधून दिली. तेव्हापासून तो डबा टेबलावर दोनदा आपटल्याशिवाय उघडत नसे. दुकानातल्या माणसांना घड्याळ बघायची गरज उरली नाही. आपटल्याचा आवाज आला की सगळे जेवायला उठत.

"नवा डबा घे की," कुणी म्हणालं तर ती म्हणायची, "हा सासऱ्यांनी दुरुस्त केलाय." आणि विषय संपायचा.

तिचा नवरा या सगळ्यातच वाढलेला. नळ कुठल्या बाजूला फिरवायचा असतो याबद्दल त्याचा लहानपणापासून गोंधळ होता. कुणाकडे पाहुणा गेला की तो हमखास भिजून यायचा.

मग त्या वर्षी नणंद दुसऱ्या गावी नव्या घरात राहायला गेली. बाबांनी यावं, महिनाभर राहावं, असा तिनं हट्ट धरला. सासूबाईंचा गुडघा प्रवासाला तयार नव्हता, म्हणून सासरे एकटेच निघाले. बॅग भरताना त्यांनी पत्र्याचा डबा सगळ्यात खाली ठेवला. सासूबाईंनी तो शांतपणे बाहेर काढला.

"अहो, पोरीचं नवं घर आहे. निदान महिनाभर तरी ते नवं राहू दे."

"काही लागलं तर?"

"लागलं तर लागलं. तुम्ही नातीशी खेळा."

सासरे थोडे खट्टू झाले, पण डबा ठेवून गेले.

आणि ते गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मिक्सर उडाला. सासूबाईंचं कोपर जरा सरकायचं निमित्त झालं. झाकण छताला लागलं, बत्ता ओट्यावर आपटला आणि हिरवं वाटण भिंतीवर, दिव्यावर, सासूबाईंच्या चष्म्यावर उडालं. सूनबाई धावत आली. सासूबाई खुर्चीवर बसून हसत होत्या. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला आणि त्यांचा आवाज एकदम बदलला.

"माझं कोपर दुखतं गं," त्या म्हणाल्या. "आणि कंबर. रोज ते कपाट ढकलून ढकलून. मला एकदा तरी सरळ नळ उघडायचाय."

सूनबाईनं ओट्यावरचा बत्ता उचलून बाजूला ठेवला. इतके दिवस तिला या घराची गंमतच वाटत आली होती. पण ती गंमत कुणाच्या कोपरावर उभी होती, हे तिनं पाहिलंच नव्हतं.

"कुणाला बोलवू का, आई?"

सासूबाईंनी दाराकडे पाहिलं, जणू सासरे तिथे उभे असावेत. "बोलव," त्या म्हणाल्या.

सूनबाईच्या डोळ्यांसमोर एकच माणूस आलं. काही दिवसांपूर्वी एक बाई जवळचं बघायचा चष्मा करून घ्यायला दुकानात आली होती. बारीक स्क्रू नीट दिसत नाहीत, अशी तिची तक्रार होती. विजेच्या वस्तू दुरुस्त करायचं तिचं दुकान होतं, वडिलांकडून आलेलं. सगळा बाजार तिला मिस्त्रीणबाई म्हणायचा. काच घासून दिल्यावर तिनं खिशातून एक इवलासा स्क्रू काढून चष्म्यातून पाहिला होता आणि समाधानानं मान हलवली होती. काम तपासून घेणारी माणसं सूनबाईला आवडत.

मिस्त्रीणबाई सुट्टीच्या दिवशी आली. ठेंगणी, दणकट, तोंडानं फटकळ. आल्या आल्या हात धुवायला न्हाणीघरात गेली आणि ओली होऊन बाहेर आली.

"हा नळ कुणी बसवला?"

"माझ्या सासऱ्यांनी," सूनबाई म्हणाली.

"आणि ते कुठे आहेत?"

"गावाला."

"लांब गेलेत ना? बरं झालं," असं म्हणून तिनं पिशवी उघडली.

दिवसभर ती काम करत होती. फॅनचा कपॅसिटर बदलला, तसा तो बटण दाबताच गोल गोल फिरायला लागला. कपाटाच्या बिजागऱ्या नव्या बसवल्या. इस्त्री उघडून तिनं आतला थर्मोस्टॅट, म्हणजे इस्त्री तापली की वीज तोडणारा भाग, सूनबाईला दाखवला. त्याची पट्टी एका केसाच्या पिनेनं कायमची दाबून ठेवलेली होती. ती पिन पाहून सासूबाई म्हणाल्या, "ही माझी. किती शोधली होती मी." मिक्सरच्या आतून सुतळी निघाली. नळातून सायकलच्या ट्यूबचा तुकडा निघाला. दर वेळी मिस्त्रीणबाई वस्तू उजेडाकडे धरायची, मान हलवायची आणि म्हणायची, "ही इतके दिवस चालली कशी, हेच मला कळत नाही."

सूनबाईच्या नवऱ्याला मात्र राहवेना. "बाबा मेहनतीनं करतात हो सगळं," तो म्हणाला.

"ते दिसतंयच," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा सूर जरा मऊ झाला. "आळशी माणसाला एवढी सुतळी गुंडाळता येणार नाही."

शेवटी ती घड्याळापाशी आली. सूनबाई म्हणाली, "हेसुद्धा सरळ करून टाका." मिस्त्रीणबाईनं हात पुढे केला, मग थांबली. कान लावून बराच वेळ ऐकत राहिली. मग तिनं घड्याळ जरासं सरळ केलं. टिकटिक अडखळली, लंगडी झाली. तिनं ते पुन्हा तिरकं केलं, अगदी होतं तसं.

"याला मी हात लावणार नाही," ती म्हणाली. "आतला दांडा किंचित वाकलाय. घड्याळ सरळ टांगलं तर दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं पडत नाही आणि ते बंद पडतं. ज्यानं हे असं लावलंय, त्यानं नुसत्या कानानं ऐकून बरोबर जागा धरलीय. हे कुणाचं काम?"

"त्यांचंच," सूनबाई म्हणाली.

"हो का?" मिस्त्रीणबाई म्हणाली. पिशवी भरताना तिनं परत एकदा मान वर करून त्या घड्याळाकडे पाहिलं.

सासरे परत आले तेव्हा घरातलं कुणीच त्यांना काही सांगायला पुढे होईना. नवरा ऑफिसात लवकर गेला. सासूबाईंनी अवेळी फुलझाडांना पाणी घालायला काढलं. ओझं सूनबाईवर आलं. ती चहा टाकते टाकते तोवर सासरे हातपाय धुवायला गेले, आणि आतून जोरात पाण्याचा आवाज आला. बंद करताना सवयीनं त्यांनी नळ उलटा फिरवला होता.

ते बाहेर आले. शर्टाचा पुढचा भाग चिंब झालेला. कोरडा शर्ट घ्यायला कपाटाकडे गेले. दार उचलून कमरेनं ढकललं, तर नव्या बिजागऱ्यांवरचं ते हलकं दार धाडकन भिंतीवर आपटलं. मग त्यांनी फॅनचं बटण दाबलं. फॅन फिरला. हातात घेतलेली पेन्सिल त्यांनी जपून परत खिशात ठेवली.

"बाबा," सूनबाई म्हणाली, "आम्ही एका बाईंना बोलावलं होतं. आईंचं कोपर..."

"छान केलं," ते म्हणाले. "चांगलं केलंय काम. बिजागऱ्या चांगल्या आहेत."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी चहा घेतला, नातीच्या गमती सांगितल्या. नंतर पत्र्याचा डबा कपाटावर, अगदी मागे, भिंतीला टेकवून ठेवला आणि खाली उतरून हात झटकले.

त्यानंतर घर कसं गुण्यागोविंदानं चाललं. नळ सरळ होता, मिक्सर झाकणासकट जागेवर राहत होता. इस्त्री तापली की आपणहून थांबायची. आणि सासरे खिडकीपाशी बसायचे. वर्तमानपत्र वाचून झालं की उलटं करून परत वाचायचे. शेजारची एक बाई बंद पडलेली बॅटरी घेऊन आली, तर त्यांनी तिला दारातूनच सांगितलं, "आमच्याकडे आता करत नाहीत. बाजारात एक बाई आहेत, त्यांच्याकडे जा." आळीत पक्कडकाका आजारी आहेत अशी बातमी पसरली आणि दोघंतिघं तब्येतीची चौकशी करून गेले.

सासूबाईंचं कोपर दुखायचं थांबलं होतं, पण त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. स्वयंपाक करता करता त्या मध्येच बैठकीत डोकावायच्या. शेवटी त्यांनी आपल्या मनानंच एक उपाय केला. सूनबाईला विचारलं असतं, तर तिनं करू दिला नसता.

एका संध्याकाळी त्या सासऱ्यांपुढे टेबलावरचा दिवा घेऊन उभ्या राहिल्या. "अहो, हा लागतच नाही बघा. तुम्हीच बघा जरा."

सूनबाई तिथेच बसून भाजी निवडत होती. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. ते स्टुलावर चढले, डबा काढला, चष्मा लावला, दिवा उलटा केला. वायर बोटांमधून सरकवत सरकवत ते एका जागी थांबले. आणि हळूहळू तो उजेड मावळला.

"ही तुटलेली नाही," ते म्हणाले. "कापलीय. स्वयंपाकघरातल्या कात्रीनं. तिच्या पात्याला खाच आहे, तिथे वायर चिरडते."

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हो," त्या म्हणाल्या. "मीच कापली."

"मला काम मिळावं म्हणून."

"हो."

"लहान मूल रडायला लागलं की हातात खुळखुळा देतात, तसं."

सूनबाईला उठून जावंसं वाटलं, पण उठलं तर आवाज झाला असता. ती भाजीचं एकच पान निवडत राहिली.

सासऱ्यांनी दिवा खाली ठेवला. मग म्हणाले, "खरं सांग. इतकी वर्षं तुला त्रास होत होता?"

"होत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"रोज बोलत होते की. मिक्सरला शिव्या घालत होते, कपाटाला घालत होते. तुम्हाला वाटायचं, मी कौतुक करतेय."

सासरे हसले नाहीत. सासूबाई त्यांच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसल्या. गुडघ्यामुळे त्यांना जमिनीवर बसता येत नसे.

"अहो, त्रास होता, पण तुम्ही डबा उघडून बसलात की मला बरं वाटायचं," त्या म्हणाल्या. "ऑफिसातून यायचात तेव्हा चेहरा कसा कोरा असायचा. काही विचारलं तर हो-नाही एवढंच. डबा उघडला की माणूस घरी आलाय असं वाटायचं. म्हणून चालवून घेतलं."

सासरे बोटांनी त्या वायरचं टोक पिळायला लागले.

"आवक-जावक," ते म्हणाले. "कागद आला की शिक्का, नोंद, पुढे. दुसरा आला की शिक्का, नोंद, पुढे. तो कुठून आला, पुढे त्याचं काय झालं, कुणाचं काम झालं की नाही, काही कधी कळलं नाही. माझ्या टेबलावर कुठलीच गोष्ट पूर्ण झाली नाही. घरी फॅन तरी फिरायचा. टिचकी मारून का होईना, पण मी केलं म्हणून फिरायचा." मग जरा थांबून म्हणाले, "मला येत नाही हे मला ठाऊक होतं गं. एवढे स्क्रू उरतात, ते काय कारखान्याच्या चुकीनं?"

सूनबाईनं भाजीची परात बाजूला ठेवली.

"बाबा, एक सांगायचं राहिलं होतं," ती म्हणाली. "त्या बाईंनी घरातलं सगळं उघडलं, फक्त घड्याळ तेवढं होतं तसंच ठेवलं."

"का? विसरल्या?"

"नाही. सरळ करून बघितलं आणि परत तिरकं केलं. म्हणाल्या, ज्यानं लावलंय त्यानं नुसत्या कानानं बरोबर जागा धरलीय."

सासऱ्यांनी मान वर केली. "असं म्हणाल्या?"

"'हे कुणाचं काम' म्हणून विचारलंसुद्धा."

"लंगडत होतं ते," सासरे म्हणाले. "सरळ असलं की एक ठोका आखूड पडायचा. मी रविवारभर थोडं थोडं सरकवत बसलो होतो." त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "तू रागावली होतीस, जेवण गार झालं म्हणून."

"अजून आहे राग," सासूबाई म्हणाल्या.

"बाबा, त्यांच्याकडे जाऊन बसा की," सूनबाई म्हणाली. "शिकवतील."

"या वयात?"

"नाही म्हणाल्या तर घरी या. आम्ही कुठे जातोय?"

ते लगेच गेले नाहीत. चार दिवस त्या दुकानासमोरून फेऱ्या मारल्या, असं नंतर मिस्त्रीणबाईनंच सांगितलं. पाचव्या दिवशी ती आतून ओरडली, "काका, काही दुरुस्त करायचंय की नुसतं बघायचंय?" तेव्हा ते आत गेले आणि म्हणाले, "तो उलटा नळ माझा."

मिस्त्रीणबाईनं हातातलं काम ठेवलं. "आणि घड्याळ?"

"तेही माझंच."

"बसा," ती म्हणाली.

पहिले काही दिवस तिनं त्यांना कशालाही हात लावू दिला नाही. नुसतं बघायचं. दुकान अरुंद होतं, जिन्याखालचं. एका बाजूला कपडे धुऊन देणाऱ्याचं दुकान, त्यामुळे दिवसभर साबणाचा वास. समोरच्या फळीवर आजारी वस्तूंची रांग असायची. बाई एकेक उघडायची आणि निघालेला प्रत्येक स्क्रू, ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं, एका उथळ झाकणात मांडायची. बंद करताना उलट्या क्रमानं उचलायची. सासऱ्यांना हे बघून स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. आयुष्यभर कागद क्रमानं लावले, आणि घरी येऊन स्क्रू मुठीत धरून बसले.

मग ती त्यांना कामं द्यायला लागली, आणि बोलायलासुद्धा. तिचं बोलणं म्हणजे गिऱ्हाइकांसमोर पाणउतारा. "काका, ही गाठ आहे की पक्ष्याचं घरटं?" "काका, चिकटपट्टी हे औषध नाही." "काका, जोर कशाला लावताय? ते बसत नाही म्हणजे चुकीचं बसवताय." सासरे घरी येऊन हे सगळं जेवताना सांगायचे, एक शब्दही न गाळता. आज किती शिव्या बसल्या हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत नुसता आनंद.

"माझ्या एका शब्दानं तोंड पाडून बसायचात," सासूबाई म्हणाल्या. "ती एवढं बोलते ते गोड लागतं."

"ती बोलते आणि मग करून दाखवते. तू नुसतं बोलायचीस."

"तर तर. आता मिक्सर उघडून बसते मी."

नवऱ्याला मात्र काळजी लागली. बाबांचा असा चारचौघांत अपमान व्हावा हे त्याला खपेना. एकदा तो तावातावानं दुकानात गेला. सासऱ्यांनी त्याला बाजूला घेतलं. "बाळ, तू घरी जा," ते म्हणाले. "मी शाळेत आहे." तो बावळटासारखा परत आला आणि सूनबाईनं त्याला चहा दिला.

पुढे उन्हं तापायला लागली आणि लोकांनी माळ्यावरचे पंखे खाली काढले. मिस्त्रीणबाईच्या फळीवर जागा उरली नाही. दुपारी सासरे जेवायला घरी यायचेही विसरायला लागले. एकदा चष्म्याच्या दुकानाला सुट्टी होती म्हणून सूनबाई त्यांचं जेवण घेऊन तिकडे गेली. तिला सासरे आतल्या बाजूला बसलेले दिसले, खाली मान घालून. पुढ्यात एक जुना पंखा उघडलेला. कुणा म्हाताऱ्या माणसाचा होता तो. नव्याची हवा बोचते म्हणून त्याला हाच हवा होता. सासऱ्यांनी दांडा ज्यात फिरतो ती बुश काढून पुसली होती, तेल दिलं होतं, नवी वायर ओढली होती. ते झाकणातून एकेक स्क्रू उचलत होते. सूनबाई दारातच थांबली. तिला हाक मारवेना.

शेवटचा स्क्रू घट्ट करून त्यांनी पंखा टेबलावर उभा केला, पण बटण दाबलं नाही. मिस्त्रीणबाईकडे सरकवला. तिनं चष्मा लावला, सूनबाईनं घासलेल्या काचांचा. पंखा उलटा करून पाहिला, वायर ओढून पाहिली, पातं बोटानं फिरवून कान जवळ नेला. मग बटण दाबलं. पंखा आवाज न करता फिरायला लागला आणि टेबलावरचे बारीक कागद उडाले.

सासरे तिच्या तोंडाकडे बघत होते. परीक्षेच्या निकालाला उभा राहिलेला मुलगाही इतका घाबरलेला दिसला नसता.

बाईनं पंखा बंद केला, त्याला मालकाच्या नावाची चिठ्ठी लावली आणि तो झालेल्या वस्तूंच्या फळीवर ठेवला. खालून दुसरा पंखा उचलून सासऱ्यांच्या पुढ्यात सरकवला आणि आपल्या कामाकडे वळली.

सासऱ्यांनी तो पंखा जवळ ओढला. तेवढ्यात त्यांना दारात सूनबाई दिसली.

"आलीस?" ते म्हणाले. "ठेव तिथे. एवढा उघडतो, मग जेवतो."

"गार होईल, बाबा."

"होऊ दे," ते म्हणाले, आणि उथळ झाकण पुसून त्यांनी उजव्या हाताशी ठेवलं.

सूनबाईनं डबा फळीच्या कोपऱ्यावर ठेवला. मिस्त्रीणबाईनं मान न वळवताच तिच्यासाठी पायानं एक स्टूल पुढे सरकवलं. घरी जायची तशी घाई नव्हती. ती बसली.